सायलेन्सरमधली जाळी आणि आपला श्वास

दिवाळी सरली आणि पहाटेचा गारवा जाणवू लागला की पनवेलमधल्या दवाखान्यांत खोकल्याच्या रुग्णांची गर्दी सुरू होते. थंडीत जमिनीलगतची गार हवा सहजासहजी वर जात नाही. त्यामुळे धूर आणि धूळ खालच्या खालीच साचून राहते. त्यात आपले गाव म्हणजे रस्त्यांचा तिठाच. एका अंगाला मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाचे कळंबोलीचे टोक, दुसऱ्या अंगाला गोव्याचा रस्ता, आणि १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यापासून तिकडे ये-जा करणारे कंटेनर. दम्याचे जुने रुग्ण, शाळेत जाणारी मुले, दिवसभर रस्त्यावर असणारे रिक्षाचालक, फळवाले आणि वाहतूक पोलीस यांना या धुराचा त्रास सर्वांत आधी होतो.

"पण डॉक्टर, धूर तर थोड्या वेळात हवेत विरून जातो ना?" असे काही रुग्ण विचारतात. प्रश्न रास्त आहे. धूर विरतो, आणि त्यातले काही विषारी वायू कालांतराने निसर्गतः निरुपद्रवीही होतात. मात्र खरी गोम आहे ती 'कालांतराने' या शब्दात. विष निवळायला किती वेळ लागतो आणि ते आपल्या छातीत शिरायला किती वेळ लागतो, यावर सगळे अवलंबून आहे. म्हणून या आठवड्यात औषधांऐवजी रासायनिक क्रियांच्या वेगाविषयी, आणि तो वेग वाढवणाऱ्या उत्प्रेरकांविषयी थोडे बोलू. विषय शाळेतल्या पुस्तकातला वाटेल, पण त्याचा संबंध थेट आपल्या श्वासाशी आहे.

सगळा खेळ वेगाचा

प्रत्येक रासायनिक क्रियेला आपापला वेग असतो. फटाक्याची दारू क्षणात जळते, तर खिडकीच्या गजाला गंज चढायला महिने लागतात. हा वेग कशाने बदलतो, हे आपल्या गृहिणींना विज्ञान न शिकताही पक्के ठाऊक असते. मे महिन्यात ओट्यावर राहिलेले दूध संध्याकाळपर्यंत नासते, तेच फ्रिजमध्ये ठेवले तर टिकते. उष्णता वाढली की क्रियेचा वेग वाढतो. पुष्कळशा क्रियांच्या बाबतीत तापमान दहा अंशांनी वाढले की वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब सांगतात. प्रेशर कुकरमधले पाणी शंभर अंशांवर न थांबता सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, म्हणूनच उघड्या पातेल्यात तासभर घेणारी डाळ त्यात थोड्या वेळात शिजते.

दुसरी गोष्ट पृष्ठभागाची. चुलीत अख्खा ओंडका पेटत नाही, त्याचे ढलपे लगेच धरतात, कारण हवेशी संपर्क येणारी जागा वाढते. घास नीट चावून खा असे आम्ही डॉक्टर सांगतो, त्यामागेही हेच कारण आहे. तिसरी गोष्ट म्हणजे प्रमाण. फुंकणीने फुंकर घातली की निखारा फुलतो, कारण त्याला प्राणवायू अधिक मिळतो.

आता हाच हिशेब गाडीच्या धुराला लावू. पेट्रोल पूर्ण जळले नाही की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. श्वासावाटे रक्तात गेला की तो हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. डोके जड होणे, चक्कर, मळमळ ही त्याची लक्षणे. बंद जागेत तो जीवही घेतो. मोकळ्या हवेत या वायूचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होत असते, पण त्याला सरासरी एक ते दोन महिने लागतात. शाळेच्या फाटकाशी सुरू असलेल्या गाडीमागे उभ्या असलेल्या मुलाला तो वायू आत घ्यायला दोन सेकंद पुरतात. निसर्गाचा उपाय खरा आहे, पण तो आपल्यासाठी फार सावकाश आहे.

डोंगर आणि बोगदा

मग ही क्रिया सायलेन्सरच्या आतच, सेकंदाच्या एका अंशात उरकता आली तर? ही करामत करणाऱ्या पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. दहावीपर्यंत शिकलेल्यांना पोटॅशियम क्लोरेटमधून ऑक्सिजन काढण्याचा प्रयोग आठवत असेल. त्यात मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड घातली की काम कमी तापमानाला आणि लवकर होते, आणि प्रयोग संपल्यावर पूड जशीच्या तशी शिल्लक राहते.

हे कसे होते ते समजायला आपल्या रस्त्याचे उदाहरण घ्या. पनवेलहून खोपोलीकडे द्रुतगती मार्गाने जाताना भाताणचा बोगदा लागतो. बोगदा नसता तर डोंगर चढून उतरावा लागला असता. ज्याच्या अंगात तेवढे बळ, तोच पलीकडे पोहोचला असता आणि बाकीचे पायथ्याशी बसले असते. बोगद्यामुळे निघायचे ठिकाण बदलत नाही, पोहोचायचे ठिकाणही बदलत नाही. मधली चढण तेवढी वाचते आणि पुष्कळ जण थोड्या वेळात पलीकडे जातात. रासायनिक क्रियेतही असा एक डोंगर आडवा असतो. तापवल्याने रेणूंना तो चढण्याचे बळ येते, तर उत्प्रेरक त्यांच्यासाठी बोगदा खणून देतो. शिवाय तो स्वतः खर्च होत नाही, त्यामुळे चिमूटभर उत्प्रेरक पुन्हा पुन्हा तेच काम करत राहतो.

आपले शरीर तर उत्प्रेरकांवरच चालते. त्यांना आपण विकरे किंवा एन्झाइम म्हणतो. चपातीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, ते लाळेतल्या विकराचे काम. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले की फेस येतो, तो रक्तातल्या आणि पेशींतल्या कॅटालेज नावाच्या विकरामुळे. तांबड्या रक्तपेशीतल्या एका विकराचा एकच रेणू सेकंदाला लाखो वेळा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांची गाठ घालून देतो. हा वेग नसता तर शरीरात तयार झालेला तो वायू फुफ्फुसांपर्यंत वाहून आणून बाहेर टाकणे जमलेच नसते. सदतीस अंशांच्या उबेवर जगणे शक्य होते ते या विकरांमुळेच.

सायलेन्सरमधली जाळी

मोटारीच्या धुरासाठी असा उत्प्रेरक वापरण्याची कल्पना मूळच्या फ्रान्समधल्या आणि पुढे अमेरिकेत गेलेल्या युजीन हूड्री या अभियंत्याने १९५०च्या दशकात मांडली. अमेरिकेत १९७५च्या सुमारास नव्या मोटारींत ही यंत्रणा सर्रास बसू लागली. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना ती सक्तीची झाली. तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. गॅरेजवाले 'कॅटकॉन' किंवा नुसते 'जाळी' म्हणतात. आजच्या पेट्रोल मोटारींत आणि दुचाकींतही ती असते.

आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक भोके असलेली चिनीमातीसारखी वडी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर असतो. मोटारीतल्या जाळीत हे धातू जेमतेम काही ग्रॅमच असतात, पण भोकांमुळे आणि खरखरीत लेपामुळे धुराला स्पर्श करणारा पृष्ठभाग प्रचंड मोठा होतो. चुलीतल्या ढलप्यांचाच हा न्याय. जाळीतून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतात, आणि श्वासनलिकेला झोंबणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइड वायूंचा साधा नायट्रोजन होतो. जाळी चांगली तापलेली आणि इंजिन नीट लावलेले असेल तर या तिन्ही विषांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग आतच निकालात निघतो.

अर्थात जाळी म्हणजे जादू नव्हे. कार्बन डायऑक्साइड ती कमी करत नाही, त्यामुळे पृथ्वी तापण्याचा प्रश्न तिने सुटत नाही. आणि थंड जाळी जवळजवळ काहीच काम करत नाही. अडीचशे ते तीनशे अंशांपर्यंत तापली की ती कामाला लागते. म्हणून गाडी सुरू केल्यावरची पहिली एक-दोन मिनिटे सर्वांत घाण धुराची असतात. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये सकाळी गाडी सुरू करून ती 'गरम होऊ देत' गप्पा मारणारे गृहस्थ हे ध्यानात घेतील तर बरे.

एक विष, दोन बळी

पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे मिसळत असत. इंजिनातली खडखड थांबवण्याचा हा उपाय अमेरिकेत १९२१ साली सापडला आणि जगभर पसरला. पण उत्प्रेरकाच्या जाळीला शिसे म्हणजे विष. ते धातूच्या थरावर जाऊन बसते आणि बोगद्याचे तोंडच बुजवते. म्हणून १९९५ साली जाळीबरोबरच बिनशिशाचे पेट्रोलही त्या चार शहरांत आणावे लागले, आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचेच पेट्रोल मिळू लागले. जगातल्या शेवटच्या देशाने, म्हणजे अल्जीरियाने, २०२१ साली ते बंद केले.

डॉक्टर म्हणून मला यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वाटते ती अशी की, शिसे जाळीत जे करते तेच आपल्या शरीरातही करते. हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या विकरांना ते चिकटते आणि त्यांचे काम बंद पाडते. मग रक्त कमी होते. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर परिणाम होऊन बुद्धी आणि एकाग्रता कमी पडते. शिशाचे अमुक प्रमाण सुरक्षित आहे, असे आज कोणीही सांगत नाही. कीटकनाशकांचेही असेच. फवारणी करताना ऑर्गॅनोफॉस्फरस गटातले औषध अंगात गेले की नसांच्या संदेशवहनातले एक विकर बंद पडते. तोंडाला फेस येतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास अडतो. थोडक्यात, पुष्कळशी विषे आपल्या उत्प्रेरकांवरच घाला घालतात.

जाळी वाचवण्यासाठी पेट्रोलमधून शिसे काढले आणि त्यात मुलांचे मेंदूही वाचले.

बंदराकडे जाणारे ट्रक

डिझेल इंजिनाचा प्रश्न थोडा वेगळा. त्यातून काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड वायू अधिक येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराची गणना माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा हे मानक लागू झाले. डिझेलमधल्या गंधकाचे प्रमाण दहा लाखांत दहा भागांवर आणले गेले, कारण गंधकही उत्प्रेरकाला मारक आहे. नव्या ट्रकांत काजळीसाठी गाळणी आली आणि बहुतेक मोठ्या ट्रकांत एक वेगळी टाकीही आली.

या टाकीत असते युरियाचे पाणी. त्यात युरिया साडेबत्तीस टक्के आणि बाकी शुद्ध पाणी असते. ते गरम धुरात फवारले की अमोनिया तयार होतो, आणि उत्प्रेरकाच्या मदतीने हा अमोनिया नायट्रोजन ऑक्साइडचे रूपांतर नायट्रोजन आणि पाणी यांत करतो. गंमत म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यात युरिया तयार होतो, आणि त्यासाठी लागणारा अमोनियाही लोखंडाच्या उत्प्रेरकाशिवाय बनत नाही.

पण हे पाणी विकत घ्यावे लागते. म्हणून टाकीत भलतेच पाणी ओतण्याचा किंवा यंत्रणेला चकवणारा खोका बसवण्याचा मोह काहींना होतो. त्यात वाचणारे पैसे मालकाचे, आणि फुफ्फुसे मात्र कळंबोलीच्या चौकात उभ्या असलेल्यांची.

उत्प्रेरक साधू नव्हे, चोरही नव्हे

उत्प्रेरक नेहमी भलेच करतो असे नाही. तो फक्त क्रिया घाईने घडवतो, मग ती चांगली असो वा वाईट. जुन्या फ्रिजमध्ये आणि फवाऱ्याच्या डब्यांत क्लोरोफ्लुरोकार्बन वायू असत. ते आकाशात उंच गेले की सूर्याच्या अतिनील किरणांनी फुटतात आणि त्यांतला क्लोरीन सुटा होतो. हा क्लोरीन ओझोनचा नाश करतो, पण स्वतः खर्च होत नाही. त्याचा एक अणू ओझोनच्या सुमारे एक लाख रेणूंचा फडशा पाडू शकतो. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली हा धोका दाखवून दिला. १९८७ साली माँट्रियलचा करार झाला आणि १९९५ साली त्या दोघांना क्रुट्झन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. भारतानेही २००८ साली या वायूंचे उत्पादन थांबवले. त्या वेळी सवलत उरली ती दम्याच्या पंपापुरती. पुढे पंपातलाही वायू बदलला. दम्याच्या रुग्णांनी हातातल्या पंपाकडे पाहावे, हा इतिहास त्यातही आहे.

"जाळी काढू का?"

आता मूळ मुद्दा. तरुण मुले मला विचारतात, "डॉक्टर, मेकॅनिक म्हणतो जाळी काढली की पिकअप वाढतो. काढू का?" माझे उत्तर असते, "अरे बाबा, आजच्या गाडीचे इंजिन जाळी धरूनच बेतलेले असते. काढून फार काही हाती लागणार नाही, आणि तुझ्या मागे स्कूटरवर येणाऱ्या तुझ्याच आईच्या नाकात ते जाईल." आवाज मोठा यावा म्हणून कंपनीचा सायलेन्सर काढून दुसरा लावणारेही पुष्कळ आहेत. आवाजाचा उपद्रव सर्वांना कळतो. पण त्या सायलेन्सरबरोबर जाळीही जाते, हे पुष्कळांना माहीत नसते.

चोरांना मात्र तिची किंमत बरोबर कळली आहे. २०२१ च्या सुमारास ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या कित्येक पट वर गेला होता. त्या काळात पुणे-मुंबई परिसरात ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाण्याचे बरेच प्रकार घडले. चोर नेत होते ती हीच जाळी. चोराला जे मोलाचे वाटते ते आपण भंगारात देऊ नये.

कायद्याचेही पाहा. प्रदूषणाची मर्यादा मोडणारे वाहन चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

वाचकांनी काय करावे

१. गाडी सुरू केल्यावर जागेवर रेस करू नका. लगेच पण सावकाश निघा, म्हणजे जाळी लवकर तापते. सिग्नलला किंवा शाळेबाहेर जास्त वेळ थांबायचे असेल तर इंजिन बंद करा.

२. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवू नका. बाथरूममधल्या गॅस गिझरचेही तेच. खिडकी उघडी हवी, आणि गिझर शक्यतो बाथरूमबाहेर बसवावा. बंद जागेत डोके दुखून गरगरू लागले तर आधी मोकळ्या हवेत या, मग डॉक्टरांकडे जा.

३. इंजिन मिसफायर होत असेल, ऑइल जळत असेल किंवा डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागला असेल तर दुरुस्ती टाळू नका. न जळलेले पेट्रोल जाळीत जाऊन ती जास्त तापते आणि वितळते. म्हणूनच बॅटरी उतरलेली पेट्रोल मोटार धक्का मारून सुरू करणे टाळावे.

४. गाडीचे पोट खड्ड्यात किंवा गतिरोधकावर आपटल्यानंतर खालून खुळखुळ आवाज येऊ लागला तर आतली वडी फुटलेली असू शकते. ती तपासून घ्या.

५. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. जाळी अतिशय तापलेली असते, गवत पेट घेऊ शकते.

६. पीयूसी म्हणजे नुसता कागद समजू नका. भारत स्टेज चार आणि सहाच्या गाड्यांना ती वर्षातून एकदा आणि त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांनी करावी लागते. नळी सायलेन्सरमध्ये खरोखर घातली की नाही, हे उभे राहून पाहा.

७. दम्याच्या रुग्णांनी थंडीत भर रहदारीच्या वेळी महामार्गालगत फिरायला जाऊ नये. सकाळचे फेरफटके वडाळे तलावाच्या बाजूला किंवा आतल्या रस्त्यांवर घ्यावेत, आणि डॉक्टरांनी दिलेला पंप आपल्या मनाने बंद करू नये.

खोकल्याचे औषध मी लिहून देऊ शकतो, दम्याचा पंप कसा ओढायचा तेही शिकवू शकतो. पण फुफ्फुसात गेलेला धूर बाहेर काढणारे औषध माझ्याकडे नाही. तो धूर सायलेन्सरच्या आतच निवळवणारे चार ग्रॅम धातू तुमच्या गाडीखाली आहेत. ते तिथेच राहू द्या.